पुण्याची स्मशाने आणि पुण्याची स्मृती



एखाद्या नगराचा इतिहास सांगावयाचा झाला म्हणजे वक्ता प्रथम वाड्यांकडे वळतो, मग मंदिरांकडे, मग पेठांकडे. स्मशानाकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. तो विषय अमंगळ मानला जातो आणि घरात त्याचा उच्चारही टाळला जातो. परंतु ज्या नगरीने शंभर वर्षे हिंदुस्थानच्या राजकारणाची सूत्रे हलविली, तिची माणसे अखेर कोठे विसावली आणि त्यांची आठवण आपण कशी राखली, हा प्रश्न अमंगळ नाही. तो आपल्या कर्तव्याचा प्रश्न आहे. आजच्या विवेचनाचा विषय म्हणून पुण्याची जुनी स्मशाने, समाध्या, छत्र्या आणि दफनभूमी हा आहे.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. देह पंचमहाभूतांचा आहे, तो पंचमहाभूतांना परत करावा, ही आपली धारणा. अग्नी देह नेतो, नदी अस्थी नेते, मागे जमिनीचा तुकडाही अडून राहत नाही. या विचारातील वैराग्य थोर आहे. पण त्यामुळे एक जबाबदारीही येऊन पडते. ज्या समाजात थडगे असते, तेथे निदान दगड तरी नाव सांगतो. जेथे थडगे नसते, तेथे नाव राखण्याचे काम मागे राहिलेल्या माणसांनाच करावे लागते. पुणेकरांनी ते काम किती केले, हे पाहू.

पेशवे विसावले कोठे?

पुणे ही पेशव्यांची नगरी. पण पेशव्यांच्या समाध्या शोधावयास निघालेल्या माणसाला पुण्याबाहेरच फार हिंडावे लागते. बाळाजी विश्वनाथांचा अंत १७२० मध्ये सासवडला झाला. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या तीरावर रावेरखेडी येथे निवर्तले. त्यांची समाधी तेथेच आहे. त्याच वर्षी मस्तानी गेली. तिची कबर पुण्यापासून दूर, पाबळ गावी आहे. या दोघांचा पुत्र समशेरबहाद्दर पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढताना घायाळ झाला आणि भरतपूरकडे त्याचे देहावसान झाले. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला चिंतामणीच्या सान्निध्यात गेले. रघुनाथरावांचा शेवट १७८३ मध्ये कोपरगावी, गोदाकाठी झाला. दुसऱ्या बाजीरावांनी तर १८५१ मध्ये गंगाकाठच्या ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, परक्यांच्या नजरकैदेत डोळे मिटले.

पुण्यात राहिले कोण? नानासाहेब पेशवे पानिपतच्या आघाताने खचले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर गेले. त्यांचे स्मारक तेथे आहे. नारायणरावांचा १७७३ मध्ये शनिवारवाड्यात खून झाला. सवाई माधवराव १७९५ मध्ये त्याच वाड्यात वरून पडून गेले. ज्या घराण्याने अटकेपार घोडी नेली, त्याच्या पुरुषांपैकी बहुतेकांचा अंत मुक्कामावर वा मोहिमेवर व्हावा, हे त्या काळाच्या धकाधकीचेच द्योतक नव्हे काय?

आणि पानिपतावर पडलेल्यांचे काय? सदाशिवरावभाऊ, विश्वासराव आणि हजारो अनाम शिपाई यांना पुण्यात ना समाधी, ना छत्री. पण पुण्याने एक वेगळी युक्ती केली. भाऊंचे नाव सदाशिव पेठेला दिले. नारायणरावांचे नाव नारायण पेठेला लागले. आज दिवसातून हजारो वेळा रिक्षावाले, टपालवाले आणि विद्यार्थी ही नावे घेतात. समाधी नसली तरी नाव जिभेवर राहिले. मात्र ते कोणाचे नाव आहे, हे त्या पेठांतल्या किती मुलांना सांगता येईल, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

ओंकारेश्वराचा काठ

जुन्या पुण्याचे प्रमुख स्मशान म्हणजे मुठेकाठचे ओंकारेश्वर. शिवरामभट चित्राव यांच्या पुढाकाराने १७३० च्या दशकात येथे महादेवाचे मंदिर उभे राहिले. महादेव हा स्मशानवासी. त्याच्या सान्निध्यात दहनभूमी असणे आपल्या परंपरेला धरूनच होते. वसईच्या मोहिमेचे विजयी सेनापती चिमाजीअप्पा डिसेंबर १७४० मध्ये वारले. त्यांची समाधी ओंकारेश्वराच्या परिसरात आहे. त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई त्यांच्यासोबत सती गेल्या. पुढे थेऊरला रमाबाईंनीही तोच मार्ग धरला. त्या स्त्रियांच्या निष्ठेपुढे मस्तक नमते. त्याचबरोबर ती प्रथा बंद झाली हे समाजाचे भाग्यच होय, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे. स्मृतिस्थळे जशी गौरव सांगतात, तशी चूकही सांगतात. दोन्ही ऐकण्याची तयारी असणे हे प्रौढ समाजाचे लक्षण आहे.

सुमारे सव्वादोनशे वर्षे पुणेकरांच्या चिता या काठावर पेटल्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि काठावरच्या पेठांत मुठेचे पाणी शिरले. त्या लोंढ्यातून ओंकारेश्वराचा काठही सुटला नाही. पुढे १९७० च्या सुमारास येथील दहन थांबले आणि नवी पेठेतील वैकुंठ हे शहराचे मुख्य स्मशान झाले. आज तेथे लाकडाच्या चितेबरोबर विद्युतदाहिन्या आहेत. २०२०-२१ च्या महामारीत याच वैकुंठावर काय ताण पडला, हे पुणेकर विसरलेले नाहीत. आप्तांना जवळ येता येत नव्हते, त्या दिवसांत पालिकेचे कर्मचारी आणि स्वयंसेवक यांनी परक्यांचे अंत्यसंस्कार केले. त्यांची नावे कोणत्याही दगडावर कोरलेली नाहीत.

२०२३ पासून मेट्रो मुठेच्या पात्रालगत धावते. तिच्या खिडकीतून दिसणाऱ्या या काठावर पुण्याच्या कितीतरी पिढ्यांची राख मिसळली आहे, ही जाणीव प्रवाशाच्या मनाला क्षणभर तरी शिवावी.

हिंदूंची दफनपरंपरा

हिंदू दहन करतात, हे विधान सर्वसाधारणपणे खरे असले तरी पूर्ण खरे नाही. संन्यासी घर सोडतानाच स्वतःचे श्राद्ध करून बाहेर पडतो. त्याला दहन नाही, समाधी आहे. लिंगायत समाजात देह बैठ्या स्थितीत, इष्टलिंगासह भूमीत ठेवतात. तान्ह्या मुलांनाही जमिनीच्याच कुशीत देतात. म्हणूनच पुण्यात समाध्यांचीही एक मोठी परंपरा आहे.

सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीचे मंदिर हे तिचे सुंदर उदाहरण. भीमगीरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये ते बांधावयास घेतले आणि १७७० मध्ये तेथे मूर्तीची स्थापना झाली. मंदिरात संस्कृत तसेच फारसी शिलालेख आहेत आणि तळघरात गोसावी गुरूंची समाधी आहे. म्हणजे वर देव आणि खाली गुरू. त्याच मंदिराच्या दर्शनी भिंतीवर एक शिल्प आहे : इंग्रज शिपाई गेंड्याला साखळदंडाने बांधीत आहेत. १७५७ च्या प्लासीनंतर बंगाल कसा जखडला गेला, याचे ते रूपक असल्याचे अभ्यासक मानतात. वाड्यावाड्यांतून भाऊबंदकीचे डाव रंगत असताना एका गोसाव्याच्या देवळावरील पाथरवटाला येणारे संकट दिसले होते!

जंगली महाराज १८९० मध्ये समाधिस्थ झाले. पाताळेश्वराच्या लेण्याशेजारी त्यांची समाधी आहे आणि समोरचा रस्ता त्यांच्याच नावाने ओळखला जातो. शहराच्या दुसऱ्या टोकाला, वानवडीस, शिंद्यांची छत्री आहे. पानिपतच्या पराभवानंतर उत्तरेत मराठ्यांचा जरब पुन्हा बसविणारे महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीच्या तळावर वारले आणि तेथेच त्यांना अग्नी दिला गेला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तेथे भव्य वास्तू उभारली. ज्याच्यामागे सामर्थ्यवान घराणे राहिले, त्याची छत्री राहिली. ज्याच्यामागे कोणी राहिले नाही, त्याची ओळख पुसली गेली. हा नियम बदलावयाचा असेल तर घराण्याची जागा समाजाने घेतली पाहिजे.

एक घर, एक वृंदावन

गंज पेठेतील महात्मा फुले यांच्या वाड्यातील तुळशीवृंदावनाचा इतिहास प्रत्येक पुणेकराने जाणून घ्यावा असा आहे. जोतिरावांची इच्छा होती की, आपला देह जाळू नये. घराच्या आवारातच मिठात घालून पुरावा. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. परंतु वस्तीत दफन करण्यास नगरपालिकेने परवानगी नाकारली. १८७६ पासून काही वर्षे जे स्वतः याच नगरपालिकेचे सभासद होते, त्यांची अंतिम इच्छा अशी अपुरी राहिली. अखेर दहन करावे लागले. दत्तकपुत्र यशवंताच्या हक्काला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे हाती धरून अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालल्या. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आजही किती घरांत हे सहज घडू शकेल? पुढे जोतिरावांच्या अस्थी वाड्याच्या आवारात ठेवण्यात आल्या. आजचे वृंदावन ती समाधी होय. सुमारे सव्वासहा वर्षांनी, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाईही गेल्या.

स्मशानात सर्व समान, असे आपण बोलतो. पण गावोगावी जातीजातींचे मसणवटे वेगळे होते, ही वस्तुस्थिती आहे. जिवंतपणी पाणवठ्यावर झालेला भेद चितेपर्यंत पाठ सोडीत नव्हता. मे १९७४ मध्ये पुण्याच्याच वसंत व्याख्यानमालेत सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी सामाजिक समता आणि हिंदू संघटन या विषयावर बोलताना अस्पृश्यतेचा निःसंदिग्ध धिक्कार केला. त्याच विचारधारेतून एक पाणवठा, एक मंदिर, एक स्मशान हा आग्रह पुढे आला. हे तीनही शब्द प्रत्यक्षात उतरले की नाहीत, याची पाहणी आपापल्या गावात जाऊन करणे, हे भाषणापेक्षा अवघड आणि म्हणूनच अधिक आवश्यक काम आहे.

पाहुण्यांची आणि परक्यांची थडगी

पुण्याने आपल्याबरोबर इतरांनाही भूमी दिली. पेशव्यांच्या सैन्यात गोव्याकडील ख्रिस्ती लोक होते. त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७९२ मध्ये, जागा देण्यात आली आणि आज क्वार्टर गेटजवळ सिटी चर्च उभे आहे. पारशी बांधवांनी शहरापासून दूर आपला दोखमा बांधला. बगदादमधील छळाला कंटाळून मुंबईस आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यातच वारले. त्यांनीच बांधावयास घेतलेल्या सिनेगॉगच्या, म्हणजे आपल्या ‘लाल देवळा’च्या, आवारात त्यांची कबर आहे. जगात कोठेही आसरा न मिळालेल्यांना या भूमीने आसरा दिला, याची ही दगडी साक्ष. त्यांच्याच दानातून उभ्या राहिलेल्या रुग्णालयात आजही गोरगरीब उपचार घेतात.

१८१७ मध्ये खडकीच्या लढाईनंतर राज्य गेले आणि लष्कर भाग वसला. तेथील सेंट मेरी चर्च १८२५ मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते उपासनेस खुले झाले. १८३८ मध्ये दापोडीस वारलेले मुंबईचे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांचे दफन याच चर्चमध्ये झाले. मुंबईतील ग्रँट रोड आणि ग्रँट वैद्यक महाविद्यालय त्यांच्याच नावाचे. सोलापूर रस्त्यावरील सेंट सेपल्कर दफनभूमीत इंग्रजी अमदानीतील थडगी आहेत. राज्यकर्त्यांची ही थडगी जपावीत काय, असा प्रश्न काहींच्या मनात येतो. उत्तर सरळ आहे. शत्रूशी वैर त्याच्या मरणाबरोबर संपते, ही आपली शिकवण. शिवाय हे दगड इतिहासाचे अस्सल कागद आहेत. लढाईपेक्षा पटकी, ताप आणि हगवण यांनी या सैन्याचे किती बळी घेतले, किती तान्ही लेकरे येथे मातीआड झाली, हे बखरीत मिळत नाही. ते अशा दगडांवर मिळते.

१८९६-९७ च्या प्लेगचा काळ, रँडची जुलूमशाही आणि चापेकर बंधूंचे बलिदान सर्वांना ज्ञात आहे. पुढे येरवड्याच्या आगाखान पॅलेसमध्ये महादेवभाई देसाई यांचे १५ ऑगस्ट १९४२ रोजी आणि कस्तुरबांचे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी स्थानबद्धतेतच निधन झाले. सरकारने सार्वजनिक अंत्ययात्रा होऊ दिली नाही. दोघांचे दहन त्याच आवारात झाले आणि दोन समाध्या तेथे शेजारी शेजारी आहेत. सत्ता कधी कधी जिवंत माणसापेक्षा त्याच्या अंत्ययात्रेला अधिक भिते!

नाव राखण्याची शिस्त

आता खडकीच्या युद्धस्मशानाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिकांच्या कबरी तेथे आहेत. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मरण पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावे स्मारकावर कोरलेली आहेत, कारण देशभर विखुरलेल्या त्यांच्या कबरींची निगा राखणे शक्य राहिले नव्हते. त्यांपैकी ६२९ जणांचे अवशेष १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून येथे आणण्यात आले. १९१७ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग ही व्यवस्था पाहतो. हुद्दा कोणताही असो, प्रत्येकाचे नाव कोरलेच पाहिजे, हे त्याचे तत्त्व. हिरवळ कापलेली, अक्षरे स्वच्छ, नोंदवह्या चोख. ही शिस्त आपण परक्यांपासून अवश्य घ्यावी.

ज्यांचे दहन झाले, त्यांचे नाव राखता येत नाही काय? येते. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन इंग्लंडमधील ब्रायटनच्या रुग्णालयांत वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन तेथील टेकडीवर झाले. त्या जागी १९२१ मध्ये संगमरवरी छत्री उभारली गेली. मात्र त्यांची नावे दहनस्थळी कोरली जाण्यास २०१० साल उजाडावे लागले. फ्रान्समधील नव्ह-शापेल येथे ज्यांची कबर ज्ञात नाही, अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. राख वाऱ्यावर गेली तरी नाव दगडावर राहू शकते, ते असे.

आपल्या परंपरेतही ही शिस्त होती. तर्पण करताना पिता, पितामह, प्रपितामह यांचा नावगोत्रासह उच्चार करावा लागतो. म्हणजे निदान तीन पिढ्यांची नावे प्रत्येकाला पाठ असलीच पाहिजेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तर पिढ्यान् पिढ्यांच्या वंशावळी नोंदलेल्या आहेत. थडग्याविना नाव राखण्याची ही आपली पद्धत होती. आज तर्पण पुष्कळ घरांतून गेले, वह्या पाहावयास कोणी जात नाही, आणि त्यांच्या जागी दुसरे काही आले नाही. खरी हानी झाली आहे ती येथे.

म्हणून तीन कामे सुचवावीशी वाटतात. पहिले घरातले. प्रत्येक कुटुंबाने निदान चार पिढ्यांची नावे, त्यांची गावे आणि ठाऊक असलेली जन्ममरणाची वर्षे एका वहीत लिहून काढावीत. त्यात आजी-पणजीचे माहेरचे नावही असावे. दुसरे काम वस्तीतले. आपल्या भागातील समाधी, छत्री, वीरगळ वा जुने थडगे यांची पाहणी करावी, मोजमापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, कोरलेला मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यावा. हौसेने तैलरंग फासू नये, फरशा बसवू नयेत, जुन्या दगडावर देणगीदारांच्या नव्या पाट्या ठोकू नयेत. अशा भक्तीनेही इतिहास पुसला जातो. १९१० मध्ये राजवाड्यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ याच पुण्यात स्थापन झाले. कागद जपण्याची जी वृत्ती त्या पिढीने लावून दिली, तीच दगडांच्या बाबतीत दाखवावयाची आहे. तिसरे काम समाजाचे. स्मशानात कोणालाही जातीमुळे अडवणूक होणार नाही, बेवारस मृतालाही सन्मानाने निरोप मिळेल, याची जबाबदारी प्रत्येक वस्तीतील चार तरुणांनी घ्यावी.

तर्पणाच्या विधीत आपल्या पितरांना पाणी दिल्यावर कार्य संपत नाही. ज्यांचे कोणी नाही, ज्यांना पाणी देणारा वंशज उरला नाही, अशांसाठीही एक ओंजळ सोडली जाते. पानिपतावर पडलेला अनाम बारगीर, प्लेगमध्ये गेलेले अख्खे घर, महामारीत एकटाच वैकुंठाला पोहोचलेला वृद्ध, मायदेशापासून दूर मातीआड झालेले परक्याचे लेकरू, हे सारे त्या ओंजळीचे अधिकारी आहेत. ती ओंजळ रिकामी राहू नये.